उभयलैंगिकता : आचरण, संज्ञा आणि ओळख
(महाराष्ट्रातील साधनांच्या आधारे एक विवेचन)

१. प्रश्नाचे स्वरूप

व्यक्तीचे आचरण ही एक गोष्ट आणि त्या आचरणावरून तिला मिळालेली वा तिने स्वतः स्वीकारलेली ओळख ही दुसरी गोष्ट. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन्ही परस्परांपासून वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. हे तत्त्व सांगावयास सोपे असले तरी पाळावयास अवघड आहे. ज्या व्यक्तींना स्त्री आणि पुरुष या दोहोंविषयी ओढ वाटते अशा उभयलैंगिक व्यक्तींचा इतिहास लिहू लागले म्हणजे या अडचणीचा प्रत्यय पदोपदी येतो. समलिंगी संबंधांचा इतिहास आता बऱ्याच अंशी लिहिला गेला आहे. तृतीयपंथीयांच्या इतिहासाकडेही अभ्यासकांचे लक्ष गेले आहे. उभयलैंगिक व्यक्ती मात्र या दोन्ही इतिहासांच्या समासात कोठेतरी आढळते, आणि पुष्कळदा तेथूनही नाहीशी होते.

ही अनुपस्थिती कशामुळे निर्माण झाली? अशा व्यक्ती आपल्या समाजात नव्हत्या, किंवा त्या अलीकडे पश्चिमेकडून आल्या, असे एक सुलभ उत्तर दिले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. ज्या साधनांवरून आपण इतिहास लिहितो ती साधने विशिष्ट प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी निर्माण झाली, आणि त्या प्रश्नांनी या व्यक्तीचे सरळ दोन तुकडे केले. तिचा एक अर्धा भाग विवाहाच्या दप्तरात नोंदला गेला, दुसरा अर्धा फौजदारीच्या वा वैद्यकाच्या दप्तरात. आणि दोन्ही भाग एकाच माणसाचे आहेत हे पाहण्याची गरज कोणत्याही दप्तराला वाटली नाही. धर्मशास्त्रापासून अलीकडच्या न्यायनिर्णयांपर्यंत हे विभाजन कसे होत गेले आणि त्याविरुद्ध 'ओळख' कशी उभी राहिली, हे पुढे क्रमाने पाहावयाचे आहे.

२. संज्ञेचा इतिहास

शब्दांवरून समाजाचा इतिहास काढण्याची पद्धत खानदेशातील अभ्यासकांस अपरिचित नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपल्या आयुष्याची अखेर धुळे येथे केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे तेथे निधन झाले, आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन होऊन त्यांचा दप्तरसंग्रह व शब्दसंग्रह तेथे जतन झाला. राजवाड्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज कोणी मान्य करणार नाही. परंतु विवाहसंस्था ही सनातन व अपरिवर्तनीय नसून तिला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या खुणा भाषेत व विधींत शिल्लक राहतात, हे त्यांनी 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' या लेखमालेत धरलेले सूत्र अद्यापि उपयुक्त आहे. तेच सूत्र येथे लावून पाहू.

मराठीत आज या अर्थाने 'उभयलिंगी', 'उभयलैंगिक' व 'द्विलैंगिक' असे शब्द योजले जातात. यांपैकी 'उभयलिंगी' हा शब्द शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने प्रथम जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचलेला असतो. गांडूळ हा उभयलिंगी प्राणी आहे, कारण त्याच्या एकाच शरीरात नर व मादी या दोहोंची जननेंद्रिये असतात. जास्वंदीचे फूलही याच अर्थाने उभयलिंगी वा द्विलिंगी म्हटले जाते. म्हणजे हा शब्द मूलतः शरीररचनेचा आहे, आणि तोच पुढे मनाच्या ओढीसाठी वापरात आला. परिणाम असा की, 'उभयलिंगी मनुष्य' म्हटले की श्रोत्याच्या मनात प्रथम शरीराविषयीची शंका उत्पन्न होते. ज्याच्या शरीरात कोणतेही वैशिष्ट्य नाही अशा व्यक्तीस आपली ओळख सांगताना आधी शरीराबद्दलचा खुलासा करावा लागावा, ही अडचण भाषेने निर्माण केलेली आहे. या कारणास्तव प्रस्तुत लेखात 'उभयलैंगिक' ही संज्ञा स्वीकारली आहे.

हा गोंधळ केवळ मराठीचा नव्हे. इंग्रजीतील 'बायसेक्शुअल' हा शब्दही एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने वनस्पती व प्राणी यांच्या शरीररचनेसंबंधी योजला जात असे. जर्मन मनोवैद्य क्राफ्ट-एबिंग यांच्या ग्रंथाचे चार्ल्स गिल्बर्ट चॅडॉक यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे हा शब्द ओढीच्या अर्थाने आलेला आढळतो. पुढे १९०५ मध्ये फ्रॉइड यांनी मनुष्यमात्राच्या मूळ घडणीतच उभयलैंगिकता असते असे मत मांडले. या मताने संज्ञेला प्रतिष्ठा मिळाली, पण एक नवीच अडचण उभी राहिली. जी गोष्ट सर्वांच्या ठायी मुळात असते ती कोणा एकाची ओळख कशी होणार? मूळ अवस्था ओलांडून पुढे जावयाचे असते, असा या उपपत्तीचा अर्थ लावण्यात आला. प्रौढ वयातही जी व्यक्ती तेथेच राहिली ती अपरिपक्व ठरली. 'अद्यापि निश्चय झालेला नाही' हा उभयलैंगिक व्यक्तीवर आजही केला जाणारा आक्षेप या विचारातून बळावलेला आहे.

३. प्राचीन ग्रंथांतील साक्ष

आता आपल्याकडील जुन्या ग्रंथांकडे वळू. वात्स्यायनाच्या कामसूत्रात सांप्रयोगिक अधिकरणाच्या नवव्या अध्यायात औपरिष्टकाची चर्चा आहे. तेथे तृतीया प्रकृतीचे वर्णन येते. स्त्रीरूप धारण करणारी आणि पुरुषरूप धारण करणारी असे तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. याच अध्यायाच्या उत्तरार्धात, परस्परांवर विश्वास असलेले व एकमेकांचे हितचिंतक असलेले काही नागरकही आपसांत असे आचरण करतात, असा उल्लेख आहे. अभ्यासकाने या दोन उल्लेखांतील भेद बारकाईने पाहिला पाहिजे. तृतीया प्रकृती हा व्यक्तींचा एक वर्ग आहे. त्यास नाव आहे, वेष आहे, उपजीविकेचे साधन आहे. नागरक हा मात्र तोच पुरुष आहे, ज्याच्यासाठी कन्यावरणाची आणि भार्येच्या कर्तव्यांची अधिकरणे याच ग्रंथात लिहिलेली आहेत. त्याच्या मित्राशी असलेल्या संबंधाची नोंद होते, परंतु त्यावरून त्यास वेगळे नाव मिळत नाही.

मनुस्मृतीतील दृष्टी निराळी असली तरी रचना तशीच आहे. प्रायश्चित्ताच्या अध्यायात पुरुषाशी मैथुन करणाऱ्या द्विजास सचैल स्नान सांगितले आहे, आणि त्याच श्लोकात स्त्रीशी बैलगाडीत, पाण्यात वा दिवसा केलेल्या संगालाही तेच प्रायश्चित्त आहे. दोष कृत्याचा, स्थळाचा व काळाचा. व्यक्तीच्या स्वभावाचा नव्हे. दोष फेडला की व्यक्ती पूर्ववत् गृहस्थ राहते.

या साक्षींवरून प्राचीन समाज उदार होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होतो. तो आवरला पाहिजे. स्त्रियांच्या परस्पर संबंधांस याच स्मृतीत पुष्कळ कठोर दंड सांगितले आहेत. आणि नागरकास मोकळीक होती ती त्याच्या सांपत्तिक स्थितीमुळे व पुरुषत्वामुळे, हे उघड आहे. निष्कर्ष एवढाच की, दोहोंकडे ओढ असलेला मनुष्य ग्रंथकारांस माहीत होता आणि त्याला त्यांनी नाव दिले नाही. विवाह करून संतती निर्माण करणे हे कर्तव्य पार पाडले म्हणजे उरलेल्या मनाची चौकशी करण्याचे प्रयोजन समाजाला नव्हते. नावाचा अभाव ही सहिष्णुतेची खूण असू शकते, तशीच ती उदासीनतेचीही असू शकते. आणि या उदासीनतेची किंमत पुष्कळदा त्या गृहस्थाच्या पत्नीने दिली असेल, याचाही विसर पडू देता कामा नये.

४. दोन दप्तरे

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला आणि १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता लागू झाली. तिच्या ३७७ व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोग हा अपराध ठरविला. हे कलम समलिंगी व्यक्तींविरुद्ध होते असे आपण म्हणतो, आणि परिणामाच्या दृष्टीने ते खरेही आहे. तथापि त्याच्या शब्दांत कोणत्याही प्रकारच्या व्यक्तीचा उल्लेख नव्हता. पुरुष, स्त्री वा पशू यांच्याशी केलेले कृत्य एवढाच त्याचा विषय होता. आरोपी विवाहित आहे की अविवाहित, त्याचे पत्नीवर प्रेम आहे की नाही, हे प्रश्न या कलमाच्या दृष्टीने गैरलागू होते. अशा रीतीने फौजदारी दप्तरात त्या मनुष्याचा अर्धा भाग तेवढा उतरला.

उरलेला अर्धा भाग विवाहाच्या दप्तरात गेला. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या-विवाहास कायद्याने प्रतिबंध झाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व देशभर बंधनकारक झाले. या १९५५ च्या कायद्याच्या १३ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात पत्नीला घटस्फोट मागण्याची काही विशेष कारणे दिली आहेत. पतीने अनैसर्गिक संभोगाचा अपराध केलेला असणे हे त्यांपैकी एक. म्हणजे या दोन दप्तरांना जोडणारा एक अरुंद दरवाजा कायद्याने ठेवला होता, आणि त्यातून आत येण्याची मुभा फक्त फसवल्या गेलेल्या पत्नीला होती. अशा दाव्यात न्यायालयापुढे दोनच पर्याय असत : आरोप खोटा, किंवा पतीचा विवाह हा निव्वळ बुरखा. पतीला पत्नीविषयीही खरी ओढ असू शकेल, आणि तरीही पत्नीचा फसवणुकीचा दावा न्याय्य असू शकेल, ही तिसरी शक्यता दाव्याच्या चौकटीत बसत नव्हती.

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी या विवेचनाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील हे गाव. येथूनच जामनेरकडे जाणारा अरुंद मार्ग निघे. कापसाचा व्यापार, शेती आणि भाऊबंदकी यांच्या जाळ्यात येथील व्यक्तीची ओळख प्रथम कुळावरून, जातीवरून, मग विवाहसंबंधांवरून ठरते. 'तू कोणाचा' आणि 'तुला कोणाची दिली' या दोन प्रश्नांत मनुष्याचा परिचय पुरा होतो. या व्यवस्थेत अविवाहित राहणारा डोळ्यांवर येतो. विवाह केलेला येत नाही. ज्या पुरुषाची चालरीत बायकी त्यास 'बायल्या' म्हणून हिणवले जाते. ज्याची तशी नाही त्यास कोणतेच नाव नसते. त्यामुळे उभयलैंगिक व्यक्तीला येथे आश्रय मिळतो तो तिच्या ओळखीला नव्हे, तर ओळख नसण्याला. हा आश्रय पुरुषाला जितका सुलभ आहे तितका स्त्रीला नाही. कारण विवाहाबाहेर वावरण्यासाठी लागणारे रस्ते, वेळ आणि पैसा तिच्या हाती क्वचितच असतात.

५. वैद्यक आणि वाचक

नाव नसलेल्या या अवस्थेविषयी मराठीत उघडपणे बोलण्यास आरंभ केला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. त्यांचे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक जुलै १९२७ मध्ये निघाले आणि कर्वे यांच्या निधनानंतर नोव्हेंबर १९५३ मध्ये त्याचा शेवटचा अंक आला. राजवाडे संशोधन मंडळ आणि 'समाजस्वास्थ्य' यांचा जन्म एकाच वर्षीचा, हा योगायोग खरा. परंतु विवाहसंस्थेकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहणे आणि तिच्याकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहणे या दोन्ही प्रवृत्ती त्याच काळात मराठीत रुजत होत्या, ही गोष्ट योगायोगापलीकडची आहे.

या मासिकाचे महत्त्व त्यातील लेखांइतकेच वाचकांच्या प्रश्नांत आहे. टपालाने आलेल्या प्रश्नांस कर्वे थोडक्यात व रोखठोक उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये मुंबईच्या न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचा बचाव केला. लैंगिक विषयावरील प्रश्नोत्तरांस केवळ विषयामुळे अश्लील म्हणता येणार नाही, आणि ज्ञान देणे हा अपराध होऊ शकत नाही, ही या बचावाची दिशा होती. खटल्याचा निकाल कर्वे यांच्या विरुद्ध गेला व त्यांना दंड झाला. यासारखीच घटना लंडनमध्ये १८९८ मध्ये घडली होती. हॅवलॉक एलिस यांचा समलिंगी ओढीवरील ग्रंथ विकल्याबद्दल जॉर्ज बेडबरो यांच्यावर खटला भरण्यात आला होता. दोन्ही ठिकाणी विद्येचा प्रश्न पोलिसांच्या हाती गेला.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, प्रश्न विचारणारा वाचक स्वतःस कोणत्याही वर्गात घालत नाही. त्यास आपल्या प्रकृतीची, विवाहाची वा सवयीची चिंता असते. त्या काळच्या वैद्यकाने त्याला उत्तर दिले ते 'लक्षण' समजून. पुढे १९४८ आणि १९५३ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड किन्से यांचे पुरुष व स्त्रिया यांच्यासंबंधीचे ग्रंथ प्रसिद्ध झाले आणि या विचारात मूलगामी फरक पडला. किन्से यांनी मनुष्यांचे दोन वर्ग करण्याऐवजी शून्यापासून सहापर्यंतची मोजपट्टी पुढे केली. त्यांच्या पाहणीतील सुमारे ४६ टक्के पुरुषांच्या बाबतीत प्रौढ वयात दोन्हीकडील आचरण वा प्रतिसाद आढळला होता. त्यांच्या नमुना-निवडीवर संख्याशास्त्रज्ञांनी रास्त आक्षेप घेतले आहेत, आणि हा आकडा कोणत्याही देशास जसाच्या तसा लावता येणार नाही. मोजपट्टीची कल्पना मात्र टिकली. मधली जागा ही रिकामी जागा नाही, एवढे तिने निश्चित केले. तथापि किन्से यांनीही मोजले ते आचरण व प्रतिसाद, ओळख नव्हे.

६. ललित साहित्यातील मधली व्यक्ती

मराठी ललित साहित्यातील दोन कृती या विषयाच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहेत. विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. सुमित्रा देव या महाविद्यालयीन तरुणीची ही शोकान्तिका. तिला स्त्रीविषयी ओढ आहे याची जाणीव होणे आणि त्या जाणिवेसह जगणे अशक्य होणे, हा तिचा विषय. समीक्षेचे लक्ष साहजिकच मित्राकडे गेले. परंतु मित्राचे जिच्यावर प्रेम आहे ती नमा ही एकीकडे मित्रा आणि दुसरीकडे मन्या दळवी यांच्यामध्ये हेलकावत राहते. नाटक बापू या मित्राच्या स्नेह्याच्या निवेदनातून उलगडते. त्यामुळे नमाचे मन आपणांस आतून दिसत नाही. ती चंचल वाटते, भित्री वाटते, स्वार्थी वाटते. तिची ओढ दोन्हीकडे खरी असू शकेल, हा विचार करण्यास नाटकाची रचना वाव देत नाही.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१३ मध्ये जेरी पिंटो यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. पुण्यातील एका घरात भाड्याने राहावयास आलेल्या तरुणावर तनय आणि अनुजा या बहीणभावांचे, एकमेकांस न कळता, प्रेम जडते. कादंबरीचे दोन भाग. एक तनयचा, दुसरा अनुजाचा. दोघांचीही बाजू आपण ऐकतो. ज्याच्याविषयी ते बोलतात त्याची बाजू मात्र आपणांस कधीच ऐकावयास मिळत नाही, आणि त्याचे नावही सांगितलेले नाही.

या दोन कृतींत पंचवीस वर्षांचे अंतर आहे, आणि या काळात समलिंगी व्यक्तीच्या चित्रणात केवढा पालट झाला! मित्रा आत्मनाशाकडे जाते. तनय दुःख भोगतो, पण स्वतःची कथा स्वतः सांगतो. मधल्या व्यक्तीचे स्थान तेवढे बदललेले नाही. नमाला निवेदन नव्हते; या तरुणाला तर नावही नाही. हा लेखकांचा दोष होय असे नव्हे. प्रियकराचे अज्ञेयत्व हाच कुंडलकरांच्या कादंबरीचा गाभा आहे. परंतु साहित्य हे सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून वाचताना या मौनाची नोंद केलीच पाहिजे. दप्तरांनी ज्याचे दोन तुकडे केले, साहित्याने त्यास दोघांच्या आठवणींत वाटून टाकले.

७. साथ, संघटना आणि नावाचा स्वीकार

उभयलैंगिकता ही राजकीय ओळख म्हणून उभी राहिली ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. अमेरिकेत १९७० नंतर अशा व्यक्तींच्या संघटना निघू लागल्या. त्यांना दोन आघाड्यांवर झगडावे लागले. बहुसंख्य समाज त्यांस विकृत म्हणे, आणि समलिंगी चळवळीतील काही मंडळी त्यांस संधिसाधू म्हणत. वॉशिंग्टन येथे एप्रिल १९९३ मध्ये निघालेल्या मोठ्या मोर्चाच्या अधिकृत नावात समलिंगी स्त्री-पुरुषांसह त्यांना प्रथमच स्थान मिळाले, तेही 'बाय' या अर्ध्या शब्दाने. २३ सप्टेंबर हा दिवस १९९९ पासून उभयलैंगिकता दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

आपल्याकडे हा प्रश्न प्रथम आरोग्याच्या अंगाने पुढे आला. भारतात एच.आय.व्ही.चे पहिले रुग्ण १९८६ मध्ये आढळले आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. साथरोगशास्त्राने 'पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष' असा एक वर्ग कल्पिला. हा वर्ग हेतुपुरस्सर आचरणावर आधारलेला होता आणि त्यामुळे पुष्कळांपर्यंत औषधे व सल्ला पोहोचला, हे मान्य केले पाहिजे. पण यात विवाहित पुरुष दिसू लागला तो रोग एका गटातून दुसऱ्या गटात नेणारा 'पूल' म्हणून. पुलाला स्वतःची वस्ती नसते. त्यावरून काय जाते एवढेच मोजले जाते.

याच काळात मुंबईत संघटनाही उभ्या राहत होत्या. १९९० मध्ये अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघाले आणि १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' स्थापन झाला. आपल्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची घटना १९९५ ची. त्या वर्षी मुंबईत 'स्त्री संगम' हा गट सुरू झाला. समलिंगी आणि उभयलैंगिक स्त्रियांचा गट असे त्याचे स्वरूप होते. पुढे त्याने 'लेबिया' हे नाव घेतले. 'लेस्बियन्स अँड बायसेक्शुअल्स इन ॲक्शन' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते बनले होते. स्त्रीमुक्तीच्या चळवळीशी नाते सांगणाऱ्या या गटाने उभयलैंगिक स्त्रीला आपल्या नावातच स्थान दिले. दप्तरात जिची अर्धी नोंदही नव्हती, कारण ३७७ व्या कलमाच्या खटल्यांतही स्त्रिया क्वचितच येत, तिनेच प्रथम संघटनेच्या नावात आपली पूर्ण नोंद केली. हा इतिहासाचा क्रम लक्षणीय आहे. पुरुषास नाव नसणे सोयीचे होते. स्त्रीला त्या सोयीचा उपयोग नव्हता, म्हणून नावाची निकड तिला आधी भासली.

नावाची ही निकड किती खरी होती हे १९९८ मध्ये दिसून आले. दीपा मेहता यांच्या 'फायर' या चित्रपटाच्या खेळांवर डिसेंबरच्या आरंभी मुंबईत शिवसैनिकांनी हल्ले केले, आणि पाठोपाठ इतरत्रही खेळ बंद पाडण्यात आले. चित्रपटातील राधा आणि सीता या दोघीही विवाहित. विरोधकांचे म्हणणे असे की अशा स्त्रिया आपल्या संस्कृतीत नाहीत. समर्थकांपैकी काहींचे म्हणणे असे की पतींनी उपेक्षा केल्यामुळे त्या एकमेकींकडे वळल्या. दोन्ही पक्षांना विवाह आणि ही ओढ यांत कारण-परिणामाचा वा विरोधाचा संबंध गृहीत धरावा लागला. दोन्ही ओढी एकाच मनात, एकमेकींचे कारण न होता, नांदू शकतात, ही शक्यता त्या गदारोळात क्वचितच ऐकू आली.

मराठीत या विषयाची परिभाषा रूढ करण्याचे श्रेय बव्हंशी पुण्याच्या 'समपथिक ट्रस्ट'चे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांच्याकडे जाते. ही संस्था २००२ मध्ये स्थापन झाली. लैंगिकतेची प्राथमिक ओळख करून देणारी त्यांची मराठी पुस्तके, विवाहित पुरुषांचा प्रश्न टाळत नाहीत. विवाहाने ओढ बदलत नाही आणि पत्नीस अंधारात ठेवणे अन्याय्य आहे, या दोन्ही गोष्टी मराठी वाचकास एकत्र सांगितल्या जाणे आवश्यक होते. ओळखीचा हक्क आणि जोडीदाराप्रती सचोटी ही परस्परविरोधी मूल्ये नव्हेत. उलट, ओळख सांगण्याची सोय नसेल तेथे सचोटीही दुर्मीळ होते.

८. अर्धी मान्यता

न्यायालयीन इतिहास परिचित असल्याने त्याचा संक्षेप पुरे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या खाजगी संबंधांपुरते ३७७ वे कलम बाद ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरविला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने संमतीचे संबंध पुन्हा अपराधाच्या कक्षेबाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तीत या कलमास समांतर असे कलम नाही. दरम्यान १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांस विवाहाचा मूलभूत हक्क असल्याचे अमान्य केले, आणि या निर्णयाच्या पुनर्विलोकनाचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

या निर्णयांचा समलिंगी व्यक्तींच्या दृष्टीने पुष्कळ विचार झाला आहे. उभयलैंगिक व्यक्तीची स्थिती मात्र तर्काच्या दृष्टीनेही अपूर्व आहे. समजा, एका स्त्रीने पुरुषाशी संसार थाटला; कायदा तिला वारसा, निवृत्तिवेतन, दत्तक, रुग्णालयातील संमती असे सर्व अधिकार देतो. तिनेच स्त्रीबरोबर संसार थाटला असता यांपैकी विवाहावर अवलंबून असलेले काहीच मिळत नाही. मनुष्य तोच, ओढ तीच, निष्ठाही तितकीच. परंतु तिच्या संभाव्य आयुष्यांपैकी अर्धी कायद्यास दिसतात व अर्धी दिसत नाहीत. तिने पहिला मार्ग पत्करला तर 'मग अडचण ती कोणती?' असे विचारले जाते, आणि दुसरा पत्करला तर 'सोपा मार्ग असताना हा कशाला?' असे विचारले जाते. जुन्या दप्तरांनी केलेले विभाजन अशा प्रकारे नव्या कायद्यातही शिल्लक आहे.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. उभयलैंगिक असणे म्हणजे एकाच वेळी दोन जोडीदार हवे असणे नव्हे. ज्यास मराठी आणि अहिराणी दोन्ही भाषा येतात तो एका श्वासात दोन्ही बोलत नाही, आणि एक बोलत असताना दुसरी विसरलेला नसतो. निष्ठा ही वृत्ती आहे, ओढीची दिशा नव्हे.

९. खानदेशातील अभ्यासकासाठी

या विवेचनावरून पद्धतीविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली गोष्ट, विवाहाची नोंद ही ओढीची साक्ष म्हणून वाचता येत नाही. ती विवाहाचीच साक्ष होय. त्याचप्रमाणे समलिंगी संबंधाची एक नोंद ही संपूर्ण मनाची साक्ष नव्हे. जुन्या इतिहासकारांनी पहिली चूक केली, काही नव्यांनी दुसरी. विवाहित व्यक्तीच्या आयुष्यात असा संबंध आढळताच तिचा विवाह खोटा ठरविणे, हा जुन्या पूर्वग्रहाचाच उलट बाजूने केलेला पुनरुच्चार आहे.

दुसरी गोष्ट साधनांची. जनगणनेने हा प्रश्न आजवर कधी विचारलेला नाही. त्यामुळे आकड्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. जीवनकथनांची पद्धत येथे अधिक फलदायी ठरेल. 'लेबिया'ने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला ५० जीवनकथनांवर आधारित अभ्यास या दृष्टीने मार्गदर्शक आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत मराठीबरोबरच अहिराणीतही असे कथन नोंदविले गेले पाहिजे. कारण प्रमाण मराठीतील 'उभयलैंगिक' हा शब्द ज्याने कधी ऐकला नाही, त्याने आपल्या अनुभवासाठी घरच्या भाषेत कोणती शब्दयोजना केली आहे, हेच पाहावयाचे आहे.

तिसरी गोष्ट मर्यादेची. तालुक्याच्या गावी आडनाव, आळी आणि धंदा एवढे सांगितले की मनुष्य ओळखू येतो. नाव वगळणे पुरेसे नसते. ज्या व्यक्तीस नाव नसण्याचाच आश्रय आहे तिचा तो आश्रय आपल्या प्रबंधासाठी काढून घेण्याचा अधिकार संशोधकास नाही. नाव देणे आणि नाव घेणे यांत फरक आहे. फौजदारी दप्तराने, वैद्यकाने आणि साथरोगशास्त्राने या व्यक्तींस बाहेरून नावे दिली; १९९५ मध्ये मुंबईतील काही स्त्रियांनी ते स्वतः घेतले. उभयलैंगिक ओळखीचा राजकीय इतिहास खऱ्या अर्थाने तेथे सुरू होतो. त्यापूर्वीच्या काळासंबंधी लिहिताना, मृतांना त्यांनी न घेतलेले नाव चिकटवू नये, तसेच त्यांनी ते घेतले नाही म्हणून त्यांचे अर्धे आयुष्यही पुसून टाकू नये. दोन्ही दप्तरे समोरासमोर ठेवून, त्यांतला माणूस एकच आहे हे दाखविणे, एवढे काम इतिहासाने केले तरी ते थोडे नव्हे.